बाबांना विचारा

बाबांना धरायला बाथरूममध्ये एक दांडी बसवायची आणि दाराचा उंबरठा काढायचा, एवढंच काम होतं. पण आमचं घर मी ओळखून आहे. इथे खिळा ठोकायला घेतला तर भिंत पाडूनच थांबतात. ऑफिसात मी प्रोजेक्ट सांभाळते. म्हणून पहिल्याच दिवशी गवंड्यासमोर सगळ्यांना बजावलं, "यापलीकडे काही वाढवायचं असेल तर आधी बाबांना विचारायचं. बाथरूम त्यांच्यासाठी आहे."

तिथेच मी माती खाल्ली. ज्या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, त्यालाच मी नाही म्हणायच्या कामावर बसवलं!

दादाला फरश्या बदलायच्या होत्या. बाबा म्हणाले, "बदल की." वहिनीला खिडकी मोठी हवी होती. "बरं होईल, हवा येईल." आत्याने फोनवरून पाइप जुने झाल्याची आठवण करून दिली, तर भिंतही फोडली. मी भांडले, तेव्हा बाबाच म्हणाले, "असू दे गं, त्यांची हौस आहे."

फरश्या लागल्याशिवाय दांडी बसेना. तोवर बाबा शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये जात. तिथल्या उंबरठ्याला अडखळून पडले आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, आता उठणं नाही.

आज फरश्या लागल्या. गवंडी दांडी घेऊन खोलीच्या दारात आला. ठरल्याप्रमाणे त्याने बाबांनाच विचारलं, "बसवू का?"

पलंगावरून बाबा म्हणाले, "बसव की."