साक्षीची थाळी

मरायला हव्या होत्या त्या पेशी ठणठणीत जिवंत होत्या. लमाईने सूक्ष्मदर्शकाची काच पुसून पुन्हा पाहिलं. छे! एकही मेली नव्हती.

प्युरोमायसिन हे औषध पेशीला प्रथिनं बनवूच देत नाही. बिचारी दोन-तीन दिवसांत मरते. जनुक घालून जिला कवच दिलंय, तीच तगते. म्हणून शेजारी बिनकवचाच्या पेशींची एक थाळी ठेवायची. ती मेली की औषध खरं. लमाई तिला साक्षीची थाळी म्हणायची. प्रयोगशाळेतल्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिने ती कधी चुकवली नव्हती. एप्रिलात सोंग्क्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाला सगळे आपापल्या गावी पळायचे, आणि ही पेशींना खाऊ घालत इथेच. यंदा मात्र आईचा निरोप आला, "या वर्षी तरी ये गं." बसच्या घाईत ती थाळी राहून गेली. परतली तर कवच दिलेल्या थाळीतल्या सगळ्या पेशी जिवंत! सगळे खूश झाले, आणि हिने तोंड उघडलं नाही.

फ्लॉय नावाची पीएचडीची पोर पाच महिने त्याच पेशींवर डोकं फोडत होती. "पी लमाई, ताई, माझ्या हातालाच यश नाही हो," म्हणून गेल्या आठवड्यात रडली. लमाईला ते बघवेना. तिने औषधाची तीच जुनी कुपी काढून आज पाहिलेली साक्षीची थाळी लावली होती.

तिने सगळं आचान विरोटना सांगितलं. आचान म्हणजे सर; प्रयोगशाळा त्यांचीच. त्यांनी वहीतलं एप्रिलचं पान उघडलं.

"इथे लिहून टाका, साक्षीची थाळी मेली. उद्या फ्लॉयचे परीक्षक वही बघतील."

"लावलीच नव्हती, आचान."

"तुमचा करार याच महिन्यात संपतोय ना? धमकी नाही हं देत. पोरीचंही वर्ष जाईल."

एक्कावन्नाव्या वर्षी या खोलीबाहेर आपल्याला विचारतंय कोण? तरी लमाईने पेन उचललं. 'साक्षीची थाळी लावली नव्हती. औषध निकामी. लमाई.'

"अहो, काय केलंत हे! त्या दिवशी एवढी कसली घाई होती?"

"आईच्या हातांवर सणाचं पाणी घालायचं होतं," ती म्हणाली. मे महिन्यात आई गेली होती.

आचान वही मिटून निघून गेले. फ्लॉय दारातच उभी होती.

"म्हणजे... माझा हात चांगलाय?"

"चांगलाय गं. तुझ्या पेशींतच बिनकवचाच्या मिसळलेल्या होत्या. चुकले ती मी."

पोर भिंतीला टेकून रडू लागली. लमाईने घड्याळ पाहिलं. पेशींना खाऊ घालायची वेळ झाली होती, आणि फेकून द्या असं तर कुणी सांगितलं नव्हतं. तिने हातमोजे चढवले.