प्रसादाची रेवडी

नगरच्या एसटी स्टँडसमोर पुष्पावतीने तिसऱ्या दुकानातली रेवडी तोंडात टाकली आणि मान डोलावली. हीच चव. मुकादम दर महिन्याला मढीहून कानिफनाथाचा प्रसाद म्हणून आणून ऊसतोडीच्या टोळीत वाटतो ती अशीच, गुलाबाच्या वासाची. तिने पाव किलो घेतली, साध्या कागदात बांधली आणि पिशवीत नवऱ्याच्या, बिभीषणाच्या, गोळ्यांवर ठेवली.

बिभीषण बाकड्यावर शांत बसला होता. गेल्या हंगामात गोळ्या संपल्या तेव्हा तो कोयता टाकून उसात शिरला होता आणि समोर कुणी नसताना कुणाशी तरी भांडत होता. ऊन लागलं म्हणून पुष्पावतीने वेळ मारून नेली. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता; एकाचं बिनसलं की दोघांनी गाठोडं बांधायचं. रामहरी मुकादमाने अशा एका जोडप्याला जामखेडला परत धाडलंही होतं.

गोळ्या नगरच्या सरकारी दवाखान्यात मिळत, पण रोगी समोर लागे. डोक्याच्या डॉक्टरसाठी सुट्टी मागणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. नाथाला जायचं म्हटलं तर मात्र मुकादम कधी नाही म्हणत नसे. त्याची दारू कानिफनाथानेच सोडवली, हे सगळ्या टोळीला ठाऊक होतं. मग पुष्पावतीने नवऱ्यासाठी नवस बोलल्याचं सांगितलं. या खोट्याची तिला भीती वाटत होती. देवाची थोडी, मुकादमाची फार.

संध्याकाळी दोघं कोल्हारजवळ, टोळीच्या पाचटाच्या कोप्यांवर पोचली. रामहरी त्यांच्याच दाराशी बसला होता.

“झालं दर्शन?”

“झालं की. लई गर्दी हुती.”

गर्दीचं तेवढं खरं होतं.

तिने पुडी पुढे केली. रामहरीने रेवडी कपाळाला लावून तोंडात टाकली आणि चावता चावता थांबला. त्याने बिभीषणाकडे पाहिलं, मग पिशवीकडे. पुष्पावतीने पिशवी मागे ओढली. आता उद्याच जामखेडची गाडी धरावी लागणार.

“मढीच्या रेवडीला गुलाबाचा वास नसतो,” तो म्हणाला.

“आवं, पर तुमची बी...” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

रामहरीने मान खाली घातली. शेजारच्या कोपीत कुणी भाकरी थापत होतं.

“सोमवारी जाऊ नगा,” मग तो हळूच म्हणाला. “सोमवारी लई रांग असती. बुधवारी जावा. त्या दिवशी मोठा डॉक्टर असतो, नीट इचारपूस करतो.”

गुडघ्यावर हात टेकून तो उठला. चार पावलं गेला, वळला आणि सगळ्या कोप्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“बिभीषणा, नाथाला जायचं आसंल तवा सुट्टी हाय. नवस मधीच सोडू नये मानसानं.”