ज्यांना भेटलात त्यांची सही

कारभारी बोडके अकरा वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात लोखंडी शाफ्ट घासून चकचकीत करत होता, आणि गेले आठ महिने तो तिथं स्वतःलाच भेटायला जात होता. हसू नका. उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल.

सगळा घोळ एका फ्लेक्समुळे झाला. गल्लीतल्या मित्रमंडळाने त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्याने अगदी मन लावून काम केलं होतं. गाल गोरे केले, टक्कल झाकलं, कुणाची तरी झुपकेदार मिशी आणून चिकटवली. कारभारी असा काही खूश झाला की त्याने तो फोटो मोबाइलवर मागून घेतला. त्याच महिन्यात कंपनीत हजेरीचं नवं मशीन आलं, चेहरा बघून दार उघडणारं. 'प्रत्येकाने आपला चांगला फोटो पाठवावा,' असा मेसेज आला. आता चांगला म्हटल्यावर माणूस कुठला पाठवणार?

दुसऱ्या दिवशी तो मशीनसमोर उभा राहिला तर मशीन म्हणालं, 'ओळख पटली नाही.' त्याने टोपी घालून पाहिली, हसून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. छे! मॅनेजर शेखरसाहेबांनी हात वर केले.

"फोटो बदलता येतो हो," ते म्हणाले, "पण त्यासाठी आधी मशीनने तुम्हाला ओळखायला हवं."

तोड काढली वॉचमन यादवने. त्याने चौकातला फ्लेक्स उतरवायला लावला, स्वतःच्या हाताने मानेपाशी कापला, खालचा तुकडा तिथंच चौकात सोडला आणि वरचा प्लायवूडवर ठोकला. मशीनसमोर धरताच मशीन गोड आवाजात म्हणालं, 'सुप्रभात, कारभारी.' अकरा वर्षांत त्या कंपनीत त्याला कुणी सुप्रभात म्हटलं नव्हतं.

पण हजेरी एकाची आणि आत शिरणार दोघं, हे कसं चालावं? म्हणून कारभाऱ्याला रोज व्हिजिटरचा पास घ्यावा लागू लागला. 'कोणाला भेटायचे?' या रकान्यात तो आपलंच नाव लिही. 'नाते' या रकान्यात पहिल्या दिवशी त्याने 'मी स्वतः' असं लिहिलं, तर यादवने ते खोडलं. "भाऊ, माझ्या पोटावर पाय नका आणू," तो म्हणाला. मग कारभाऱ्याने लिहिलं, 'ओळखीचे'.

संध्याकाळी पासवर ज्यांना भेटलात त्यांची सही लागायची, नाहीतर गेट उघडत नसे. पाहुण्याची आणि भेटलेल्याची अशा दोन्ही सह्या सारख्याच दिसतात म्हणून यादव कुरकुरायला लागला, तेव्हा कारभाऱ्याने वाटणी केली. उजव्या हाताची सही प्लायवूडची, डाव्या हाताची आपली.

घासायचं काम मात्र याच्याच माथी. प्लायवूड दिवसभर गेटपाशी पंख्याखाली. कारभारी चार दिवस तापाने अंथरुणात पडला, तेव्हाही यादवने हजेरी चुकू दिली नाही. बायको उज्वला म्हणाली, "बरा आहे की तो! आजारी पडत नाही, डबा मागत नाही." हे कारभाऱ्याला फार लागलं. खरं सांगायचं तर त्याला त्या गोऱ्या गालांचा हेवा वाटायला लागला होता.

तरी त्याने सगळं गिळलं, ते एका शब्दासाठी. पर्मनंट. ते पत्र आईच्या हातात ठेवायचं, एवढी एकच इच्छा त्याने अकरा वर्षं जपली होती.

आणि पत्र निघालं! वार्षिक समारंभात मिळणार होतं. दिंडोरीकडच्या गावाहून आई, धोंडाबाई, नवं लुगडं नेसून एसटीने आली. यादवने तिचाही पास फाडला. कोणाला भेटायचे? कारभारी बोडके.

शेखरसाहेबांनी माइकवर नाव पुकारलं. कारभारी उठायच्या आत दोघांनी प्लायवूड उचलून स्टेजवर नेलं. "शंभर टक्के हजेरी!" साहेब गरजले. टाळ्या पडल्या. प्लायवूडला शाल गुंडाळली, पत्र खिळ्याला अडकवलं आणि साहेबांनी वरून झेंडूचा टपोरा हार घातला.

हार घातलेला फोटो पाहिला की आपल्याकडे माणूस काय समजतो ते मी सांगायला नको. मागच्या रांगेत धोंडाबाईने हंबरडा फोडला. "अरं माझ्या लेकरा रं!" लोक चपापले. कुणी हात जोडले, कुणी टोपी काढली. गोंधळलेले शेखरसाहेब सवयीने बोलून गेले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. कारभारीही उभा राहिला, मान खाली घालून. मिनिटभराने त्याच्या लक्षात आलं की आपल्यालाही रडू येतंय. माणूस वाईट नव्हता, असं त्याला वाटत होतं.

मग तो आईपाशी गेला. "आई, मी हाय ना इथं."

धोंडाबाईने त्याचे हात हातात घेतले. घासून घासून बोटं गुळगुळीत झाली होती. "मंग गेलं कोण?"

"कुणी नाय. तो मीच. पर्मनंट झालो."

तिने स्टेजकडे पाहिलं, मग याच्याकडे. "त्याला तुझं नाक बी नाय. अन् लोखंड कोण घासतं?"

"मी."

"मंग कागद त्याला का रं?"

आठ महिन्यांत हा साधा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

सहा वाजले. गेटवर यादवने आईचा पास मागितला. "आजी, ज्यांना भेटलात त्यांची सही?" कारभाऱ्याने पेन घेतलं आणि उजव्या हाताने पूर्ण नाव लिहिलं.

"ही तर स्टेजवरच्यांची सही," यादव म्हणाला.

"ही माझी आहे."

यादवने तो पास ठेवून घेतला. "आणि तुमच्या पासवर? ते काही कोरं सोडता येणार नाही."

"आण हिकडं," म्हणत धोंडाबाईने शाईत अंगठा बुडवला आणि लेकाच्या पासवर दाबला. कारभाऱ्याने भेटायच्या रकान्यातलं आपलं नाव खोडून धोंडाबाईचं लिहिलं आणि 'ओळखीचे' खोडून तिथं 'आई' लिहिलं. दोन व्हिजिटर एकमेकांना भेटून चालले होते. त्याविरुद्ध नियम सापडेना, तेव्हा यादवने गेट उघडलं.

"उद्या येताय ना, भाऊ? सहाशे शाफ्ट पडलेत."

"पर्मनंट तो झालाय," कारभारी म्हणाला. "उद्यापासून त्यालाच घासू द्या."

आईला मागं बसवून त्याने मोटरसायकल सुरू केली आणि तो निघून गेला. यादवने वळून स्टेजकडे पाहिलं. फ्लेक्स त्यानेच मानेपाशी कापला होता. हात खालच्या तुकड्यावर, चौकातच राहिले होते.