वीतभर दोरी

टेलरकाकांच्या घरात वस्तू हरवत नसत, कारण हरवण्याइतकी मोकळीकच कुठल्या वस्तूला नव्हती. मोठी कात्री टेबलाच्या पायाला बांधलेली, खडू मशीनशेजारच्या खिळ्याला लटकलेला, चष्मा गळ्यात, किल्ल्या कमरेला. बाहेर जाताना न्यायची छोटी कात्रीसुद्धा सदऱ्याच्या खिशाला वीतभर दोरीने जखडलेली असे. शेजारचा न्हावी म्हणायचा, काकांची बायको अजून मोकळी फिरते हेच नवल. त्यावर ती म्हणायची, लग्नाच्या दिवशी नेमकी दोरी संपली होती म्हणून निभावलं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीला शिडाच्या होडीचं वेड लागावं, म्हणजे कमालच. आठवडाभर ती औषधांच्या दुकानात गोळ्या मोजायची आणि सुट्टी लागली की धक्का गाठायची. आतापर्यंत होडीत शिकवणाऱ्या बाई सोबत असत. आता तिला एकटीने समोरच्या बेटाला वळसा घालून यायचं होतं. त्याआधी एक परीक्षा होती. कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवायची, जिला जायचंय तिच्या घोट्याला दोरी गुंडाळायची आणि तिने होडीखाली राहून स्वतःच्या चाकूने ती कापून बाहेर यायचं. होडी उलटली म्हणून माणूस बुडत नाही, दोरीत अडकला म्हणून बुडतो, असं बाई सांगत. लेकीने हे जेवताना हसत हसत घरी ऐकवलं. काकांचा घास हातातच राहिला.

चाकू मी आणणार, त्यांनी जाहीर केलं. कापायच्या वस्तूंतलं या घरात दुसऱ्या कुणाला कळत नाही. आणि माझ्या मनासारखा चाकू मिळेपर्यंत तू एकटी जायचं नाहीस. लेक लगेच हो म्हणाली. चाकू आणायला असा कितीसा वेळ लागणार, असं तिला वाटलं. जन्मापासून एका घरात राहूनही बाप पुरता कळतोच असं नाही.

होडीचं सामान विकणाऱ्याने काकांपुढे पहिलाच चाकू ठेवला तो बोथट टोकाचा. काकांना तो अपमान वाटला. बिनटोकाचा चाकू म्हणजे नाक कापलेला माणूस, ते म्हणाले. दुकानदाराने शांतपणे समजावलं, की पाण्यात, घाईत, अंधारात हात कुठेही जातो. टोक असलं तर दोरीआधी स्वतःची मांडी कापली जाते. धारेला दाते का, तर ओली दोरी गुळगुळीत पात्यावरून निसटते, दात्यांत अडकते आणि तुटते. काकांनी अंगठा फिरवून पाहिला, सोबत आणलेला दोरीचा तुकडा कापून पाहिला आणि विचार करतो म्हणून घरी आले.

मग घडीच्या चाकूंची पाळी आली. घडीचा म्हणजे खिशात सुरक्षित, हे काकांना पटलं होतं. पण ओल्या हाताने उघडेल का? त्यांनी दुकानदाराकडे पाणी मागितलं. त्याने प्यायला दिलं. काकांनी त्यात बोटं बुडवली, डोळे मिटले आणि एका हाताने चाकू उघडायला लागले. चाकू काही उघडला नाही, गल्ल्यावर मात्र पाणी सांडलं. म्यानातला सरळ चाकूच घ्या, तो उघडावा लागत नाही, दुकानदार म्हणाला. तो गंजेल, काका म्हणाले. हा गंजत नाही, दुकानदार म्हणाला. मूठ जाड आहे. ही घ्या बारीक. ही फारच काळी आहे, पाण्यात दिसणार नाही. ही पिवळी बघा. पिवळी पाहिल्यावर काकांना खोट काढायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांना अचानक एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं आठवलं.

असे कितीतरी हेलपाटे झाले. हातचे रविवार निसटत गेले. काका दुकानाच्या दारात दिसले की दुकानदार आपणहून भांड्यात पाणी भरून ठेवायला लागला. "मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिलात," बायको म्हणाली. "तेव्हा एवढी पारख कुठे गेली होती?"

लेक मात्र हसेनाशी झाली. एका संध्याकाळी ती मशीनसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तू चाकू निवडतोयस की मला थांबवतोयस?"

काकांनी मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. खोटं बोलायचं तर आधीपासून तयारी लागते, ती त्यांची नव्हती.

"दोन्ही," ते म्हणाले. "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. पण मला जायचंय."

त्याच संध्याकाळी ते पिवळ्या मुठीचा, बोथट टोकाचा, दातेरी चाकू घेऊन आले. दुकानदाराला इतकं बरं वाटलं की त्याने म्यान फुकट दिलं.

पण प्लास्टिकच्या त्या म्यानावर काकांचा विश्वास बसेना. बांधलेलं नाही ते हरवणार, हा त्यांचा आयुष्यभराचा धडा. त्यांनी लेकीच्या लाइफ जॅकेटवर छातीशी जाड कापडाचा खिसा शिवला, त्यावर झाकण लावलं, झाकणाला घट्ट काज आणि बटण. चाकूच्या मुठीला वीतभर दोरी बांधून तिचं दुसरं टोक आत तिहेरी शिलाईने पक्कं केलं. उलटं करून झटकलं, ओढलं, जॅकेट खुंटीला टांगून चाकूला स्वतः लोंबकळायचंच तेवढं बाकी राहिलं होतं. काही सुटलं नाही. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

रविवारी धक्क्यावर न्हावीसुद्धा दुकान बंद ठेवून हजर. बाईंनी होडी उलटवली, लेक खाली गेली. उलट्या होडीच्या पोकळीत श्वासापुरती हवा असते, हे काकांना पुन्हा पुन्हा सांगून झालं होतं. तरी ते स्वतःचा श्वास रोखून बसले. वेळ चालला होता. होडीखालून फक्त पाणी खळबळल्याचा आवाज येत होता. शेवटी बाईंनी होडीची कड उचलली.

लेक खोकत उभी राहिली. बटण काही केल्या उघडेना, ते तिने दातांनी तोडलं होतं. चाकू हातात होता, पण तो छातीपासून वीतभर पुढे जायला तयार नव्हता, आणि दोरी होती पायात.

बाईंनी खिसा निरखून पाहिला. "चाकू चांगला निवडलाय," त्या म्हणाल्या. "दोरी बांधली तेही बरोबर. पण शिलाई इतकी सुरेख आहे, की आता हिला सोडवायला दुसरा चाकू लागेल." धक्क्यावर सगळे हसले. न्हावी जरा जास्तच हसला.

बायको काकांच्या कानाशी वाकली. "झालं ना तुमच्या मनासारखं? राहिली ती घरी."

झालं होतं खरं. काकांनी मनात शोधून पाहिलं, पण आनंद कुठेच सापडेना. पायातली दोरी सोडून लेक काठावर येऊन बसली होती आणि कुणाकडे बघत नव्हती. तिला अडकवलं ते होडीने नाही, आपण, हे त्यांना लख्ख दिसलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते तिच्यापुढे जाऊन गुडघ्यांवर बसले. छोटी कात्री काढली आणि जॅकेटवरचं झाकण कापायला गेले, तर कात्री पोचेना. ती त्यांच्याच खिशाला वीतभर दोरीने बांधलेली. लेकीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. काकांनी खाली मान घालून आधी स्वतःचीच दोरी कापली. मग झाकण उडवलं, खिसा उसवला आणि दुकानदाराचं ते फुकटचं म्यान जॅकेटच्या पट्ट्याला बसवलं.

"हात लांब कर," ते म्हणाले. गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं त्यांनी तिच्या छातीपासून मुठीपर्यंत माप घेतलं. बाईंनी दिलेल्या दोरीवर नखाने खूण केली, मग खूण सोडून चांगली हातभर पुढे दोरी कापली आणि त्या दोरीने चाकू जॅकेटला बांधला.

"एवढी कशाला?" लेकीने विचारलं.

"वाढत्या अंगाची ठेवलीय," काका म्हणाले.

शाळेत असताना तिचा प्रत्येक फ्रॉक ते असाच शिवत. जास्तीची दोरी तिने घडी घालून म्यानावरच्या रबराखाली खोचली आणि परत पाण्यात उतरली. या वेळी होडीखालून आधी कापलेल्या दोरीचा तुकडा तरंगत आला, मागोमाग ती.

शिडात वारा भरला. होडी धक्क्यापासून सुटली, बेटाच्या दिशेने लहान होत गेली. काका धक्क्याच्या अगदी कडेला उभे राहून हात हलवत होते. तोच हात, ज्यात मघापासून कात्री तशीच राहिली होती. डुबुक असा आवाज झाला.

"अहो, कात्री पडली," बायको म्हणाली. "चांगली, जुनी कात्री होती तुमची."

"असू दे," शिडावरची नजर न काढता काका म्हणाले. "ती बेटाला वळतेय का बघ."