मधल्या बटणातलं अंगण

मी मधल्या बटणाचा मोबाइल फोन बोलतोय. आवाज बारीक येत असेल तर समजून घ्या, कारण शिवणकामाच्या बटणांच्या डब्यात झाकणाखाली पडून बोलतोय. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली. चार्जर शेजाऱ्यांनी मागून नेला तो त्यांच्याकडेच राहिला. पण स्मरणशक्ती शाबूत आहे. म्हाताऱ्यांचं असंच असतं, कालचं आठवत नाही आणि जुनं सगळं तोंडपाठ.

जन्म माझा कारखान्यातला, पण नावारूपाला आणलं ते फोन कंपनीनं. माझ्या कीपॅडच्या बरोब्बर मध्ये त्यांनी एक निळं बटण बसवलं. ते दाबलं की कंपनीचं पान उघडायचं. त्या पानाचं नाव ‘अंगण’. तिथे बातम्या, हवामान, विनोद आणि एका कोपऱ्यात कोड्यांचा कट्टा. कुणीही कोडं घालावं, कुणीही उत्तर द्यावं. दुकानातली मुलगी मला विकताना म्हणाली, “काकू, या बटणात सगळं जग आहे.” ती खोटं बोलत नव्हती. तिलाही तसंच शिकवलं होतं.

त्या काकू म्हणजे माझ्या मालकीणबाई. कपडे उसवून मापात बसवून देणं हा त्यांचा धंदा. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, आणि मशीनपुढे तीन पायांचं एक लाकडी स्टूल. या स्टुलाची गंमत अशी की त्याचा एक पाय आखूड. घरच्या माणसाला ठाऊक असायचं, की बसताना भार डावीकडे टाकायचा. नव्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं. ते बसलं की आडवंच व्हायचं. शिवाय बसलं की ते स्टूल कुरकुरायचं, अगदी घरातल्या एखाद्या मावशीसारखं. म्हणून बाईंनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं लहानपणी त्याचं नावच ‘मावशी’ ठेवलं होतं.

हे नाव त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. बाईंच्या लेकीलाही ते पुढेच कळलं, आणि मला तर फोन म्हणून सगळंच कळायचं.

या भावाबहिणीची एक रीत होती. लहानपणी भांडण झालं की ‘चुकलं’ म्हणायची दोघांची जीभ रेटायची नाही. मग ज्याला माघार घ्यायची असेल त्यानं कोडं घालायचं. समोरच्यानं उत्तर दिलं की भांडण मिटलं. उत्तर नाही दिलं, तर राग अजून आहे असं समजायचं. कितीही मोठं भांडण या रीतीपुढे टिकलं नव्हतं.

एक मात्र टिकलं. भाऊ जहाजावर स्वयंपाकी होता. आई आजारी पडली तेव्हा तो भर समुद्रात होता, आणि घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. बाईंनी एकटीनं सगळं निस्तरलं होतं. त्या दारातच त्याला म्हणाल्या, “आता कशाला आलास? पुन्हा तोंड दाखवू नकोस.” माणसं रागात काय वाट्टेल ते बोलतात, पण या भावाचा स्वभाव असा की ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानं बॅग खाली ठेवलीसुद्धा नाही. तसाच परत गेला.

पुढे बाईंनी जुनं घर सोडलं. तिथला भिंतीजवळचा फोन गेला, त्याचा नंबर गेला आणि त्या जागी मी आलो. आता भावाला बहिणीचा पत्ता नाही, बहिणीला भावाचा नाही.

मी आलो त्याच आठवड्यात बाईंना कोड्यांचा कट्टा सापडला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं माझा दिवाच जास्त लागला. भावाला कोड्यांचं वेड. मोबाइल आता सगळ्यांकडे. सगळं जग याच बटणात. म्हणजे आज ना उद्या तो इथे येणारच. एकेका अक्षरासाठी तीन-तीनदा तीच कळ दाबत, चष्मा कपाळावर ढकलत, बाईंनी कोडं लिहिलं:

‘तीन पायांची म्हातारी. बसलं की कुरकुरते. घरच्यांना पाठीवर घेते, पाहुण्यांना पाडते. तिचं नाव काय?’

आणि उत्तरं सुरू झाली. कुणी लिहिलं तिपाई, कुणी काठी टेकणारी आजी. एकानं लिहिलं, माझी सासू. ‘स्टूल’ असं अचूक ओळखणारेही निघाले. बाईंनी तेही चूक ठरवलं, कारण त्यांनी वस्तू विचारली नव्हती, नाव विचारलं होतं. त्यावर लोक चिडले. एका गृहस्थानं तर ‘उत्तर तुम्हालाच येत नसणार’ असं सुनावलं. बाई ओठ दातांखाली दाबून हसल्या आणि पुन्हा मशीनकडे वळल्या.

या सगळ्यांत एक होता, त्यानं आपलं नाव ‘पहारेकरी’ ठेवलं होतं. कुठल्याशा गोदामाची राखण करायचा. तो नेमानं यायचा आणि नेमानं चुकायचा. एकदा लिहिलं रिक्षा. बाईंनी नाही म्हटलं तर पुढच्या खेपेला, ‘मालवाहू रिक्षा’. मला त्याचा भारी लळा लागला. बाईंनाही. काज करता करता त्या लेकीला विचारायच्या, “आज पहारेकऱ्यानं काय दिवे लावले?” खोटं कशाला सांगू, त्या अंगणात ऊब होती. सगळे सगळ्यांना ओळखायचे, कुणी आजारी असलं की चौकशी व्हायची. तसे दिवस मला पुन्हा दिसले नाहीत.

पण ज्या उत्तरासाठी एवढा खटाटोप, ते काही येईना. मी थरथरलो की बाई शिवण सोडून धावायच्या. रिक्षा बघून परत जायच्या. वर्षं सरली तसं त्यांचं धावणं थांबलं. ‘बघ आई’ म्हणून लेकीलाच मला पुढे करावं लागे. एके दिवशी बाईंनी भिंतीवरचा भावाचा फोटो काढून कपाटात ठेवला. लेकीनं का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “कोडं घातलं, म्हणजे मी माघार घेतली. त्याला उत्तर द्यायचं नाही. मग राहू दे त्याला तिकडे तोऱ्यात.” त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. निरोप माझ्यातून गेला होता, आणि तो पोचला की नाही हे मलाच सांगता येत नव्हतं.

पुढे लेकीला नोकरी लागली ती नेमकी त्याच फोन कंपनीत, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची. प्रशिक्षण सुरू होऊन दोन-चार दिवस झाले असतील. संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच मशीनपाशी उभी राहिली.

“आई, मामाचा फोन कुठल्या कंपनीचा?”

“मला काय ठाऊक. का गं?”

“अंगण फक्त आपल्या कंपनीच्या फोनवर उघडतं. दुसऱ्या कंपनीवाल्यांना ते दिसतच नाही. त्यांचं बटण वेगळं, त्यांचं पान वेगळं. आणि आपल्या बटणातूनही बाहेरचं काही उघडत नाही. चारी बाजूंनी कुंपण आहे.”

मशीनचं चाक थांबलं. सुई कापडातच रुतून राहिली.

“म्हणजे त्याला कोडं दिसलंच नसेल?” बाई म्हणाल्या. “आणि मी इतकी वर्षं त्याचा फोटो कपाटात कोंडून ठेवला.”

त्या रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं, आईच्या आठवणीनंही त्या माझ्यासमोर कधी रडल्या नव्हत्या. डोळे पुसून आधी उठल्या, कपाट उघडलं आणि फोटो जागच्या जागी लावला.

तोवर जमाना बदललाच होता. मोठ्या काचेचे, सगळीकडे हिंडणारे फोन आले होते. अंगणात चिटपाखरू उरलं नव्हतं आणि कंपनीनं ते बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी पहारेकऱ्यानं लिहिलं, ‘ताई, उत्तर न सांगताच जाणार का?’ बाई लिहायला बसल्या. चष्मा शोधण्यात वेळ गेला, कळा दाबण्यात गेला. पाठवायला गेल्या तर पान गेलेलं. निळं बटण दाबलं की नुसतं ‘सेवा उपलब्ध नाही’.

लेकीनं बाईंना नवा फोन घेतला. बाईंनी पहिलं काम काय करावं? तेच कोडं त्याच शब्दांत लेकीकडून बाहेरच्या जगात लिहवून घेतलं, जहाजांवर काम केलेल्या माणसांच्या एका पानावर. ते कुणालाही वाचता येत होतं, कंपनी कुठलीही असो. मी तेव्हा बटणांच्या डब्यात होतो. झाकण अर्धवट लागलेलं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. बाहेरचं जग काही गोडगोड नव्हतं. कुणी अचकट विचकट लिहिलं, कुणी शिलाई मशीनच्या जाहिराती चिकटवल्या. बाई म्हणाल्या, “यापेक्षा आपला पहारेकरी बरा होता.” माझी छाती डब्यातल्या डब्यात फुगली. नंतर कळलं, ती बॅटरी होती.

बऱ्याच दिवसांनी, भर दुपारी, लेकीनं नवा फोन हातात घेऊन मोठ्यानं वाचलं: “मावशी. तिचा आखूड पाय अजून तसाच आहे का?”

पुढचं मी काय सांगू? तो आला. केस पिकलेले, बॅग तीच. चहा होईपर्यंत भाऊबहीण इकडचं तिकडचं बोलत राहिले. त्यानं चाळा म्हणून बटणांचा डबा ओढला आणि मी त्याच्या हाताला लागलो. माझं निळं बटण त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“माझ्या फोनलाही असंच एक होतं,” तो म्हणाला. “बंदराला लागलो की रोज उघडायचो. पण माझ्या बटणात तू नव्हतीस, ताई.”

ताईनं पायानंच स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बोलता बोलता, खाली न बघता, भार डावीकडे टाकून बसला. मावशी कुरकुरली, पण तिनं त्याला पाडलं नाही.

आता मी इथेच असतो. लेकीच्या फोनवर हल्ली एक स्वस्त योजना आली आहे म्हणे, तिच्यात ठरावीक चार गोष्टीच उघडतात, बाकी सगळ्याला कुलूप. दुकानदारानं तिलाही सांगितलं, यात सगळं जग आहे. मी डब्यात पडून ऐकलं. कुंपणाशी माझं वैर नाही, मी स्वतः कुंपणातला आणि तिथे सुखात होतो. पण आत बसून कुणावर रुसण्याआधी, तो कुंपणाबाहेर तर उभा नाही ना, एवढं बघत जा.

आणि एक काम कराल? गोदामाची राखण करणारा, सगळ्याला रिक्षा म्हणणारा एखादा म्हातारा कुठे भेटला, तर त्याला सांगा, उत्तर ‘मावशी’ होतं. ताई लिहीत होत्या, पान आधी बंद झालं.