सहावा पाय

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. संग्रहालयाचा तळमजला, घासण्याची खोली. दार लोटलेलं, दिवा चालू, घासायच्या चाकाखाली पाण्याची थाळी. त्या वेळी माझ्या पोटातल्या भुंगेऱ्याला सहा पाय होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी पाच उरले.

मी त्या भुंगेऱ्याला सांभाळणारा अंबराचा खडा बोलतोय. झाडाची राळ जमिनीखाली युगानुयुगं मुरली की तिचा असा मधाच्या रंगाचा दगड होतो. झाडाच्या जखमेतून मी ओघळत होतो आणि हा गडी सालीवरून चालला होता. मी त्याला गिळलं. ठरवून नाही, पण गिळलं. तो बराच वेळ पाय झाडत होता. त्यानंतर कोट्यवधी वर्षं आम्ही दोघं गप्प होतो.

मला खणून काढणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. संग्रहालयात आलो तेव्हा आवक वहीत माझी नोंद झाली: भुंगेरा एक, पाय सहा, वरची बाजू खडबडीत, घासणे आवश्यक.

घासण्याचं काम मावशींकडे होतं. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. ओल्या कागदावर मला बोटाच्या टोकानं धरायचं, वीस फेरे द्यायचे, पुसायचं, भिंगाखाली बघायचं, पुन्हा वीस फेरे. किड्याच्या वर केसभर राळ उरली की थांबायचं. या कामात त्यांच्या बोटांचे ठसे पार झिजले होते. हजेरीचं यंत्र त्यांना ओळखत नसे. रोज सकाळी दारावरचा पहारेकरी हातानं नाव लिही आणि म्हणे, "मावशी, तुम्ही चोरी केलीत तर जन्मात सापडायच्या नाहीत." मावशी म्हणत, "चोरायला इथं मेलेल्या किड्यांशिवाय आहे काय?"

आता पेरांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. भुंगेऱ्याचे भिंगाखाली दिसतात. त्याच्या पावलाला उसासारखी बारीक पेरं असतात आणि ती मोजून त्याचं कूळ ठरवायला मदत होते. माझ्या भुंगेऱ्याच्या पुढच्या चारही पावलांना पाच-पाच पेरं होती. मागच्या पावलालाही पाच निघाली, तर हे कूळ जगाला अनोळखी. चार निघाली, तर एका जुन्या, माहीत असलेल्या घराण्यातला हा आणखी एक भाऊबंद. डावा मागचा पाय बुडबुड्यांच्या पांढऱ्या सायीआड गेला होता. सगळी भिस्त उजव्यावर होती.

विभागाच्या साहेबांनी मला धड घासण्याआधीच पाच मोजली होती. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण महिन्यापूर्वी भरसभेत त्यांनी नवं कूळ सापडल्याचं सांगून टाळ्याही घेतल्या होत्या.

सोमवारी मावशींनी त्यांना खाली बोलावलं.

"साहेब, मागच्या पायाला चारच आहेत. मी तीनदा मोजली."

"मावशी, तुम्ही घासा. मोजायचं आमच्यावर सोडा."

"चारपर्यंत तर माझी नातही मोजते, साहेब. तुम्ही एकदा बघा तरी."

साहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग न बोलता वर गेले. माणसाला दिसलं की तो बोलतो, असा माझा समज होता.

मंगळवारी ते स्वतः खाली आले. मावशींना म्हणाले, पलीकडच्या इमारतीतून चकाकीची पूड घेऊन या. मावशी गेल्या. साहेबांनी कोटाच्या बाह्या वर केल्या, मला उचललं आणि चाकाला लावलं. वीस फेरे मोजले नाहीत. पुसलं नाही. केसभर राळ गेली, मग पाय गेला. नीट दिसावं म्हणून घासताना हात घसरला, की नीट दिसत होतं म्हणूनच घासलं? मी हात पाहिला, मन पाहिलं नाही. म्हणून जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो. हात त्यांचा होता.

मावशी परतल्या तेव्हा चाकावर पांढरा चिकट लगदा होता आणि खोलीत राळेचा वास. त्यांनी मला भिंगाखाली धरलं.

"साहेब, पाय?"

"कुठला पाय?" साहेब म्हणाले आणि हात धुवायला गेले.

तीन महिन्यांनी साहेबांचा लेख छापून आला. नवं कूळ, नवं नाव, माझं मोठं छायाचित्र. त्यानंतर वार्षिक तपासणी झाली. तपासनीस बाईंनी आवक वही उघडली, मला उजेडात धरलं आणि पाय मोजले. एक कमी. संचालकांनी साहेबांना विचारलं आणि साहेबांनी तळमजल्याकडे बोट दाखवलं. चौकशी बारा मिनिटं चालली. मावशींनी सगळं सांगितलं. सोमवारी मोजताना काढलेलं पेरांचं पेन्सिलीचं चित्रही पुढे ठेवलं. ते चित्र कोणीतरी फायलीत लावतो म्हणून घेतलं. फायलीत ते नाही. बावीस वर्षांवर एका पत्रानं बोळा फिरवला. निघताना मावशींनी मला हातरुमालानं पुसलं, डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

आता मी पोलादी कपाटात सातव्या खणात असतो. लाल चिठ्ठी लावलीय. या कुळाचा मूळ नमुना मीच, असा तिचा अर्थ. दूरदूरची विद्वान मंडळी मला बघायला येतात, मान डोलावतात, जातात. डबीच्या तळाशी कारकुनानं नियमाप्रमाणे दोन कागदांच्या नकला घडी करून ठेवल्यात. माझी विनंती एवढीच, की मला बघून झालं की त्या नकलाही उलगडा.

पहिली नक्कल लेखाची. तिच्यात लिहिलंय: 'उजवा मागचा पाय राळेत अडकण्यापूर्वीच तुटलेला होता.' दुसरी मावशींना दिलेल्या पत्राची. तिच्यात लिहिलंय: 'सदर कर्मचाऱ्याने नमुन्याचा उजवा मागचा पाय निष्काळजीपणे घासून नष्ट केला.' दोन्हींखाली सही एकाच माणसाची आहे. जो पाय कोट्यवधी वर्षांपूर्वीच तुटला होता, तो मावशींनी घासला कसा, हे त्या माणसाला अजून कोणी विचारलेलं नाही.