चेहऱ्यावरून घेतलेलं माप

बुटांच्या त्या दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेशी त्याचा संबंध कधीच तुटला होता. पण गिऱ्हाइकासमोर ठेंगण्या स्टुलावर बसला की थाट मात्र हेडमास्तरांचा. मापाची पट्टी हातात असायची ती निव्वळ शोभेला. त्याची खरी रीत वेगळीच होती. बूट पायात सरकवायचा, पुढे बोटांपाशी अंगठ्याने दाबायचं, टाचेमागे बोट घालून बघायचं, आणि हे सगळं चालू असताना नजर पायावर ठेवायची नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवायची. भुवई जराशी हलली, ओठ किंचित आवळले, की मास्तरने बूट काढून घेतलाच म्हणून समजा. "माणूस भिडेपोटी 'ठीक आहे' म्हणतो हो, पण चेहरा कसला लपतोय!" असं तो दुकानातल्या बाकीच्यांना ऐकवायचा. आणि खोटं कशाला बोला, त्याचं चुकत नसे. त्याने घातलेला बूट बदलून मागायला आलेलं गिऱ्हाईक मालकाला आठवत नव्हतं. त्यामुळे स्वारी कायम हवेत असायची.

घरी मात्र तो बारक्या. म्हणजे ताईचा बारक्या. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा थोरल्या बहिणीनेच त्याला लहानाचं मोठं केलं. त्याचं बस्तान बसल्यावर तिने लग्न केलं, पण नवरा फार वर्षं लाभला नाही. आता एकाच जिन्याला ती खाली आणि तो वर असे दोघं राहत. ताई धुलाईच्या दुकानात इस्त्रीला होती. दिवसभर उभ्याने काम. अंगाने दणकट, जिभेने त्याहून. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनाच म्हणाली, "जन्मभर कडू बोलले आणि साखर मलाच व्हावी?"

एका संध्याकाळी मास्तरला ती जिन्यात भेटली. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

"ताई, एक चप्पल कुठंय?"

तिने खाली बघितलं. "अगंबाई! पडली वाटतं कुठेतरी."

"पडली आणि तुला कळलं नाही?"

"कळलं असतं तर टाकून आले असते का, शहाण्या?"

दोघंही पोट धरून हसले. चप्पल सापडली ती थेट धुलाईच्या दुकानापाशी, गटाराच्या कडेला. म्हणजे अख्खा रस्ता बाई एका चपलेवर चालत आली होती. आता तुम्हीच सांगा, दुसरा कुणी असता तर त्याला पायाची काळजी लागली असती की नाही? मास्तरला लागली चपलेची! पायातून सुटते म्हणजे सैल आहे, सैल आहे म्हणजे माप चुकलंय. त्याचं डोकं या एकाच वाटेने चालायचं. त्याने तिथल्या तिथे ठरवलं की ताईला आता चांगले बंद बूट घालायचे, आपल्या हाताने.

सुट्टीच्या दिवशी तिला दुकानात नेऊन त्याने मोठ्या मानाने खुर्चीत बसवलं. काळ्या मऊ चामड्याचे, बाजूला बक्कल असलेले बूट काढले आणि तिच्या नेहमीच्या मापाचा जोड, ती बुटांसाठी म्हणून घालून आलेल्या मोज्यांवरच चढवला. गिऱ्हाइकाला मोजे काढायला लावणं त्याला असभ्यपणाचं वाटे, आणि ही तर थोरली बहीण.

"सैल आहेत रे," ताई म्हणाली. "पायात काही आहे असं वाटतच नाही."

त्याने एक नंबर लहान काढला. तेही तिला तसेच वाटले. त्याहून लहान घातले तेव्हा ती उठून चार पावलं चालली आणि तिचा चेहरा खुलला. "हां! आत्ता कुठे कळतंय पायात बूट आहे म्हणून."

मास्तरने बुटाच्या टोकाला अंगठा दाबला. आत जागाच नव्हती. बोटं चामड्याला भिडलेली. त्याचा अंगठा तिथेच अडला. त्याने वर बघितलं. ताई आरशात पाय बघून हसत होती. त्याने आणखी जोर दिला. तिची पापणीही हलली नाही.

"कुठे लागत नाही ना?"

"अजिबात नाही. जन्मात असे बूट घातले नव्हते."

अंगठा एक सांगत होता आणि चेहरा दुसरंच. मास्तरने आजवर चेहऱ्याचंच ऐकलं होतं, याही वेळी त्याचंच ऐकलं. वापराने चामडं सैल पडेल, असं म्हणून उरलीसुरली शंका त्याने गिळून टाकली.

मग निगेचं व्याख्यान झालं. ओले झाले तर इस्त्रीजवळ वाळवायचे नाहीत, चामडं तडकतं. आत कागदाचे बोळे घालायचे. रोजच्या रोज घालायचे नाहीत, मध्ये एक दिवस विश्रांती द्यायची.

"तुझ्या बुटांना सुट्टी आणि मला नाही?" ताई म्हणाली, आणि बूट रोज घालू लागली. सगळ्यांना दाखवायची, इस्त्री करणाऱ्या बायकांना तर पाय पुढे करकरून. "माझ्या भावाने स्वतः बसवलेत. पायातलं त्याला जितकं कळतं तितकं कुणाला नाही."

पॉलिशचं काम मास्तरने स्वतःकडे ठेवलं होतं. आठवड्यातून एकदा तो खाली यायचा, बूट उचलून वर न्यायचा आणि ब्रश, मेण, फडकं घेऊन बसायचा. एकदा बूट धरायला त्याने हात आत घातला तर पुढचा भाग ओलसर लागला. बोटांना काळपट काहीतरी लागलं, आणि वासही कुबट. रंग सुटला असेल, घाम मुरला असेल, असं त्याच्या मनाने घेतलं.

"ताई, मोजे बदलत जा रोज. पायाला घाम फार येतो तुझ्या."

"इस्त्रीपाशी उभं राहून घाम नाही तर काय अत्तर येणार?"

त्याने आतून पुसून घेतलं, पावडर टाकली, कागद कोंबला आणि बाहेरून बूट असे चमकवले की बघत राहावं. अरे बाबा, पाय बघ की! एकदा, एकदाच मोजा काढायला लाव! पण नाही. बूट घेऊन तो खाली गेला, दारात ठेवले आणि तिच्या हातचा चहा पिऊन वर आला.

पुढच्याच आठवड्यात ताई इस्त्रीच्या टेबलापाशी कोसळली. अंगात सणसणून ताप होता. दवाखान्यात नर्स मोजा काढायला गेली तर तो निघेना, चिकटला होता. शेवटी कात्रीने कापला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि सूज घोट्याच्या वर चढली होती. दुसऱ्या पायावर नुसते फोड होते.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरला बाहेर बोलावलं. "मधुमेहाने यांच्या पायांतली संवेदना केव्हाच गेली आहे. अशा माणसांना मापाचा बूट घातला तर पायात काही आहे असं वाटत नाही, म्हणून ते घट्ट मागतात. मग तो चावतो आणि कळतही नाही. हे बूट दिले कुणी?"

"दुकानातून घेतले," मास्तर म्हणाला.

"विष वर चढतंय. आज गुडघ्याखाली पाय काढला नाही तर त्या वाचणार नाहीत. पण त्या हो म्हणत नाहीत. तुम्ही समजवा."

ताई खाटेवर तापाने लाल झाली होती, पण जीभ शाबूत होती. "दुखत नाही, खुपत नाही, आणि म्हणे कापा! पाय गेला तर उभी कशावर राहू मी? कोण देईल मला काम?" मग तिने त्याचा हात धरला. "बारक्या, यांना औषधातलं कळत असेल. पायातलं तुला कळतं. तू बघ आणि सांग. तू म्हणशील तसं करेन."

त्याने चादर बाजूला केली. ताईचा उघडा पाय तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता. हे माझ्या बुटाने झालंय, ताई, हे वाक्य अगदी जिभेवर आलं. बोलला असता तर मन मोकळं झालं असतं. पण मग त्यापुढचं वाक्य तिने ऐकलं नसतं, हे त्याला लख्ख कळलं. साऱ्या जगात ती या एकाच माणसाचं ऐकणार होती.

"काढू दे, ताई. हा पाय राहायचा नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ताई म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी काढत त्याच्याकडे पाठ केली.

पाय गेला, ताई वाचली. ताप उतरला, दोन घास जाऊ लागले आणि ती पुन्हा बोलायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला, झाडणारीला, नर्सला, जो भेटेल त्याला एकच सांगायची: "मी ऐकतच नव्हते कुणाचं. भावाने सांगितलं म्हणून आज जिवंत आहे." मास्तर तिथेच डब्याची झाकणं उघडत बसलेला असायचा. लोक त्याच्याकडे कौतुकाने बघायचे आणि त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. दुकानात त्याचं लक्ष लागेना. समोरच्याचा चेहरा वाचायला जायचा आणि काही वाचताच येत नसे.

शेवटी एका दुपारी, बाकीचे झोपलेले असताना, तो बोलला.

"ताई, ते बूट लहान होते."

तिने उशीवरून मान वळवली.

"दोन नंबर लहान. अंगठ्याला लागलं होतं मला, आत जागा नव्हती. तरी दिले. पुढे रक्त लागलं हाताला, तर मी घाम म्हणून पुसून टाकलं. पाय माझ्यामुळे गेला तुझा."

आता ती शिव्या देईल, ताट भिरकावेल, तोंड बघू नकोस म्हणेल, या सगळ्याची त्याने तयारी केली होती. खरं तर त्याला तेच हवं होतं. पण ताईने हात लांबवून चादरीवरूनच उरलेला पाय चाचपला. तळव्यापर्यंत हात पोचेना, आणि हात लागला ते त्या पायालाही कळत नव्हतं.

"मला तर काही कळत नाही," ती हळूच म्हणाली. "मी तुझ्या भरवशावर होते. आता या पायाचं मी कुणाला विचारू, बारक्या?"